नवी सायकल आणि दुकानदाराची जबाबदारी

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



२४ डिसेंबर हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. १९८६ साली याच तारखेस ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पुढे त्या कायद्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली व तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. या दिवशी भेसळ, वजनमापे, औषधे, विमा अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. परंतु ग्रामीण भागातील कुटुंबाच्या आयुष्यात ज्या थोड्या मोठ्या खरेद्या होतात, त्यांपैकी एक खरेदी या चर्चेतून बहुधा निसटते. ती म्हणजे नव्या सायकलची खरेदी.

सायकल ही वस्तू आपल्या इतकी परिचयाची आहे की तिच्या खरेदीत शिकण्यासारखे काही असेल असे सहसा वाटत नाही. पैसे द्यावेत, सायकल घ्यावी, हार घालावा आणि घरी न्यावी, एवढाच तो व्यवहार समजला जातो. प्रत्यक्षात मात्र सायकल ही दुकानात केवळ विकली जात नाही. ती दुकानात पुरी होते. विक्रेत्याची सेवा हा त्या वस्तूचाच एक भाग आहे. ही गोष्ट ग्राहकाच्या, दुकानदाराच्या आणि गावकारभाऱ्यांच्या ध्यानी यावी, एवढाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

शाळेची वाट आणि सायकल

गावात सातवीपर्यंत शाळा आहे, पुढची शाळा चार किलोमीटरवर आहे, एस.टी.ची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही, अशी गावे महाराष्ट्रात आजही आहेत. अशा ठिकाणी मुलीचे शिक्षण थांबते ते पुष्कळदा बुद्धीअभावी नव्हे, तर वाटेअभावी. बिहार राज्याने २००६ साली माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी रक्कम देण्यास सुरुवात केली. अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांनी त्या योजनेचा अभ्यास केला. त्या योजनेमुळे मुलींच्या माध्यमिक शाळेतील प्रवेशात ३२ टक्क्यांची वाढ झाली आणि मुलगे व मुली यांच्यातील अंतर ४० टक्क्यांनी घटले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. शाळा जेथे तीन किलोमीटर वा त्याहून दूर होती, तेथे हा लाभ विशेष दिसून आला.

आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमाखाली २३ जिल्ह्यांतील १२५ तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या इयत्ता आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य देण्याची योजना आखली गेली. २०२२ साली ही रक्कम ५,००० रुपये करण्यात आली. त्यांपैकी ३,५०० रुपये आगाऊ आणि उरलेले १,५०० रुपये खरेदीची पावती सादर केल्यावर, अशी तिची विभागणी ठेवण्यात आली. जिल्हा परिषदाही आपल्या निधीतून अशा योजना राबवीत आल्या आहेत.

येथे एक महत्त्वाचा बदल नीट समजून घेतला पाहिजे. पूर्वी अशा योजनांत कार्यालय निविदा काढी, ठेकेदार माल पुरवी आणि लाभार्थींना सायकली वाटल्या जात. मालाच्या दर्जाविषयी तक्रार असली तर ती कार्यालयाने ठेकेदाराकडे करावयाची असे. वस्तूंऐवजी रक्कम थेट बँक खात्यात जमा करण्याचे धोरण राज्य शासनाने डिसेंबर २०१६ मध्ये स्वीकारले. त्यामुळे वाटपातील अनेक दोष कमी झाले आणि निवडीचे स्वातंत्र्य लाभार्थीला मिळाले. परंतु त्याचबरोबर दुकानदारासमोर उभे राहण्याची जबाबदारीही लाभार्थीवरच आली. ज्या व्यवहारात पूर्वी एका बाजूस जिल्हा कार्यालय होते, तेथे आता शेतमजूर बाप आणि त्याची तेरा वर्षांची मुलगी उभी असते. योजना यशस्वी झाली की नाही, याचा निर्णय मंत्रालयात होत नाही. तो तालुक्याच्या बाजारपेठेतील सायकलच्या दुकानात होतो.

दुकानात काय घडते

अशा खरेदीत नेहमी येणारे अनुभव सर्वांच्या माहितीचे आहेत. शाळा उघडण्याचा हंगाम असतो. दुकानात गर्दी असते. ग्राहकाने जी सायकल मनात धरलेली असते ती "संपली" असे सांगून दुसरीच पुढे केली जाते. ती मुलीच्या उंचीला योग्य आहे की नाही, हे पाहण्यास कोणाला सवड नसते. "वाढत्या वयाची आहे, पुढे उपयोगी पडेल" एवढ्यावर भागते. किंमत ठरते, पण ती कशाकशाची हे ठरत नाही. मग स्टँडचे वेगळे, कॅरिअरचे वेगळे, कुलूप आणि घंटीचे वेगळे, जोडणीचे वेगळे, असे करीत आकडा वाढत जातो. बिल मागितले तर कोऱ्या कागदावर आकडा लिहून दिला जातो, किंवा "पक्के बिल हवे असेल तर जास्त पडेल" असे उत्तर मिळते.

सायकल घरी येते. चार दिवसांत चेन उतरू लागते. पंधरा दिवसांत चाक डुगडुगते. महिन्याच्या आत एखादे पायडल गळून पडते. बाप दिवसाची मजुरी बुडवून पुन्हा दुकानात जातो. तेथे त्याला सांगण्यात येते की हा दोष कंपनीचा आहे, कंपनीला लिहा. किंवा सायकल नीट चालवली नाही. किंवा मिस्त्री आज नाही, उद्या या. दोन खेपा झाल्या की तो जाणे सोडून देतो. सायकल पडवीच्या भिंतीला टेकते, आणि मुलगी पुन्हा पायी जाऊ लागते किंवा घरी बसते. शासनाच्या नोंदीत मात्र सायकल दिली गेलेली असते.

याच बाजारपेठेत याहून निराळा अनुभव देणारे दुकानदारही असतात, हे सांगितले नाही तर ते अन्यायाचे होईल. ते मुलीला सायकलवर बसवून पाहतात. रस्ता कसा आहे, मागे काय न्यावयाचे आहे, हे विचारतात. सीटची उंची लावून देतात, ब्रेक दाबून दाखवतात, आणि "पंधरा-वीस दिवसांनी एकदा घेऊन या, तारा व ब्रेक पुन्हा आवळून देऊ" असे आपण होऊन सांगतात. अशा दुकानात दहा रुपये जास्त पडले तरी ग्राहक पुढच्या वर्षी धाकट्या मुलीला घेऊन तेथेच जातो.

जोडणी हीच खरी सेवा

हा फरक केवळ स्वभावाचा नाही. सायकल कारखान्यातून बहुधा अर्धवट जोडलेल्या स्थितीत दुकानात येते. चाके बसविणे, हँडल सरळ करणे, ब्रेक व चेन लावणे, बेअरिंगच्या वाट्या योग्य तेवढ्या आवळणे, ही कामे दुकानातील मिस्त्री करतो. सुट्या भागांत दोष नसूनही जोडणी घाईने झाली तर सायकल बिघडते. हंगामात एका दिवसात अनेक सायकली उभ्या करावयाच्या असतात. तेव्हा मिस्त्रीलाही घाई होते, ही त्याची अडचण खरी आहे. पण त्या घाईची किंमत ग्राहकाने मोजावी, हे न्याय्य नाही.

उदाहरणार्थ पायडल घ्या. उजव्या पायडलचे आटे नेहमीच्या दिशेचे असतात, डाव्याचे उलट दिशेचे. दोन्ही बाजूंची पायडले चालताना सैल होऊ नयेत म्हणून ही रचना केलेली असते. घाईत डाव्या-उजव्याची अदलाबदल झाली किंवा आटे न जुळवता पाना लावून जोर केला, की क्रँकमधील आटे मरतात आणि पायडल कितीही आवळले तरी टिकत नाही. ग्राहकाला वाटते माल हलका आहे. वस्तुतः जोडणी चुकलेली असते. तसेच नव्या चाकाच्या तारा आणि नव्या ब्रेकच्या केबली पहिल्या काही आठवड्यांत ताण घेऊन थोड्या सैलावतात. म्हणून महिन्याभरात एकदा त्या पुन्हा नीट करून घ्याव्या लागतात. ही पहिली दुरुस्ती म्हणजे दुकानदाराची मेहेरबानी नव्हे. ती चांगल्या विक्रीचाच शेवटचा टप्पा आहे.

ग्राहकाने काय पाहावे

सायकल ताब्यात घेण्यापूर्वी दहा मिनिटे खर्च केली तर पुढचा बराच त्रास वाचतो. त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही.

प्रथम माप पाहावे. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवली आणि पायडल अगदी खाली नेले, तर पाय जवळजवळ सरळ व्हावा. सीटच्या नळीवर ती किती वर काढावी याची खूण असते. त्या खुणेपेक्षा ती वर काढू नये. सीटवरून उतरून दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून मुलीला निर्धास्त उभे राहता आले पाहिजे. मोठी सायकल घेऊन मुलीने तिच्यापर्यंत वाढावे, ही काटकसर नव्हे. तो धोका आहे.

मग दोन्ही चाके उचलून फिरवावीत. रिम डावीकडे-उजवीकडे डुलता कामा नये आणि ब्रेकच्या रबराला घासता कामा नये. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवावी. हँडलखाली खटखट जाणवली तर वाटी सैल आहे असे समजावे. ब्रेक पूर्ण दाबल्यावर दांडी हँडलच्या मुठीला टेकू नये. मुलीच्या बोटांना ती दांडी सहज पोचते की नाही, हेही पाहावे. चेन फार सैल वा फार ताठ नसावी. पायडल हाताने आडवे हलवून पाहावे. मागचा तांबडा परावर्तक, पायडलवरील परावर्तक आणि घंटी जागेवर आहेत की नाहीत ते पाहावे. हिवाळ्यात संध्याकाळी शाळेतून परतणाऱ्या मुलीसाठी ते दागिन्याइतके मोलाचे आहेत. शेवटी, दुकानासमोर एक फेरी मुलीनेच मारून पाहावी, बापाने नव्हे.

याखेरीज आणखी एक गोष्ट करावी. सायकल कशासाठी हवी आहे, हे दुकानदाराला स्पष्ट सांगावे: रोज येऊन-जाऊन आठ किलोमीटर, रस्ता खडीचा, मागे दप्तर. हे सांगणे व्यर्थ जात नाही. १९३० च्या मालविक्री कायद्यात, आपण घेत असलेला माल चांगला की वाईट हे ग्राहकाने स्वतः पाहून घ्यावे, हेच मूळ तत्त्व आहे. परंतु ग्राहकाने आपली गरज सांगितली आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून त्याच्या नेहमीच्या धंद्यातला माल घेतला, तर तो माल त्या गरजेला योग्य असलाच पाहिजे, असा अपवादही त्याच कायद्यात आहे. सांगितलेली गरज बिलावर एका ओळीत लिहून घेतली तर अधिक चांगले.

बिल हा पुरावा

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बिल. बिलावर दुकानाचे नाव व पत्ता, तारीख, सायकलीची कंपनी व प्रकार, चौकटीवर कोरलेला क्रमांक, जोडसामानाची वेगवेगळी किंमत आणि वॉरंटीची मुदत असावी. सायकलीवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे "बिल घेतले तर करामुळे फार महाग पडेल" या सबबीत पूर्वीही तथ्य नव्हते, आता तर मुळीच नाही. चौकटीचा क्रमांक बिलावर असला तर चोरीच्या प्रसंगी पोलिसांत तक्रार देतानाही तो उपयोगी पडतो.

२०१९ च्या कायद्यानुसार विकलेल्या मालाचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांच्या आत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे हीदेखील अनुचित व्यापारी प्रथाच आहे. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी अनेक दुकानांत असते. माल सदोष असेल तर या पाटीच्या आड दुकानदाराला उभे राहता येत नाही.

"दोष कंपनीचा आहे" या उत्तराविषयीही कायद्याने विचार केला आहे. वस्तूमुळे ग्राहकाला इजा झाली आणि विक्रेत्याने त्या वस्तूची जोडणी, तपासणी किंवा देखभाल करण्यात वाजवी काळजी घेतली नव्हती असे दिसून आले, तर तो विक्रेता स्वतः भरपाईस जबाबदार ठरतो. ही तरतूद कायद्याच्या ८६ व्या कलमात आहे. पायडल गळून पडल्यामुळे मुलगी रस्त्यावर आपटली आणि चूक जोडणीची निघाली, तर दुकानदाराला केवळ कंपनीकडे बोट दाखवून मोकळे होता येणार नाही.

दाद कोठे मागावी

तक्रारीची पहिली पायरी दुकानदारच होय. पण ती तोंडी न ठेवता लेखी द्यावी, तारीख घालावी आणि प्रत जवळ ठेवावी. तेवढ्याने भागले नाही तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर तक्रार नोंदविता येते. तेथे मराठीतूनही बोलता येते. त्यापुढची पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करण्याची सोय २०१९ च्या कायद्याने केली आहे. मालाची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीसाठी शुल्क नाही. वकील लावण्याची सक्ती नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. ग्राहक अज्ञान असेल तर आई-वडील किंवा कायदेशीर पालक तक्रार करू शकतात. दोष दूर करून देणे, वस्तू बदलून देणे, पैसे परत करणे, नुकसानभरपाई देणे, असे आदेश आयोग देऊ शकतो. मालाची तपासणी आवश्यक नसल्यास तीन महिन्यांत आणि आवश्यक असल्यास पाच महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो.

असे असले तरी पाच हजारांच्या सायकलीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा घालणे मजुरी करणाऱ्या माणसाला परवडत नाही, हे वास्तव आहे. मुलीची शाळा पाच महिने थांबू शकत नाही. म्हणून कायद्याचा आधार हाताशी ठेवून, तक्रारीची वेळच येऊ नये यासाठी गावाने काय करावे, हा खरा प्रश्न आहे.

शाळा व ग्रामपंचायत काय करू शकतात

एकट्या ग्राहकाचे जे चालत नाही ते दहा ग्राहकांचे चालते. महाराष्ट्रातील ग्राहक चळवळीचा हा जुना अनुभव आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून एकत्रित खरेदीचा जो प्रयोग केला, तो याच विचारावर उभा होता. एका शाळेतील दहा-बारा मुलींना एकाच वर्षी सायकली घ्यावयाच्या असतील, तर पालकांनी एकत्र बसून दोन-तीन दुकानांचे लेखी दर मागवावेत. दरात जोडणी, स्टँड, कॅरिअर, कुलूप व घंटी धरलेली असावी. महिन्याभराने मिस्त्रीने एक दिवस शाळेत येऊन सर्व सायकली तपासून द्याव्यात, ही अट आधीच ठरवावी. दहा सायकलींचा ग्राहक ही अट घालू शकतो. एका सायकलीचा ग्राहक घालू शकत नाही.

शिक्षकांनी शाळेत एक साधी नोंदवही ठेवावी. मुलीचे नाव, दुकान, बिल क्रमांक व तारीख, चौकटीचा क्रमांक, आणि दर तिमाहीस सायकल चालू आहे की बंद, एवढे रकाने पुरेत. बंद सायकलींची कारणे एका पानावर आली की कोणत्या दुकानाची जोडणी कच्ची आहे, हे कोणी न सांगता कळते. पाना, पंप आणि पंक्चरचे सामान शाळेत असावे, आणि पंक्चर काढणे व चेन बसविणे मुलींना कार्यानुभवाच्या तासाला शिकवावे.

ग्रामपंचायतीने खरेदीपूर्वी ग्रामसभेत योजनेची रक्कम, बिलाचे महत्त्व आणि १९१५ हा क्रमांक वाचून दाखवावा. मात्र कोणत्याही सदस्याने वा कर्मचाऱ्याने अमुक दुकानातूनच सायकल घ्या असा आग्रह धरू नये. निवडीचा हक्क पालकांना मिळावा म्हणूनच रक्कम थेट खात्यात जाते. तो हक्क सल्ल्याच्या नावाखाली काढून घेणे योग्य नव्हे.

अधिकाऱ्यांचे कर्तव्य दुहेरी आहे. एक म्हणजे पावती सादर झाल्यावर उरलेली रक्कम विनाविलंब जमा करणे. ती रखडली तर पालक उधारीवर सायकल घेतो, आणि उधारीच्या ग्राहकाला तक्रार करण्याचे धैर्य राहत नाही. दुसरे म्हणजे पावती खरी आहे याची खात्री करून घेणे. सायकल न घेता केवळ पावती मिळविण्याचा मार्ग कोणी दाखविला, तर त्यात दुकानदाराला थोडा, पालकाला थोडा लाभ होतो, आणि मुलीच्या वाट्याला पायपीट येते. शाळेच्या आवारात सायकल प्रत्यक्ष पाहून चौकटीचा क्रमांक बिलाशी ताडून पाहणे, हा त्यावरचा सोपा उपाय आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेपुढे अशा खरेदीतील सामायिक तक्रारी मांडण्याचा मार्गही मोकळा आहे.

दुकानदार हा ग्राहकाचा शत्रू नव्हे. त्याचा धंदा गावांच्या विश्वासावर चालतो, आणि नीट जोडून दिलेली सायकल ही त्याची सर्वांत स्वस्त जाहिरात असते. त्याच्याकडून अपेक्षा मोठी नाही: योग्य माप, काळजीपूर्वक जोडणी, स्वच्छ बिल आणि महिन्याभराने एक तपासणी. एवढे झाले तर शासनाने दिलेले पाच हजार रुपये कागदावर न राहता रस्त्यावर धावू लागतील. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा आपल्या गावातील किती सायकली घेतल्या गेल्या, एवढेच मोजून थांबू नये. वर्षअखेर त्यांपैकी किती चालू आहेत, हेही मोजावे. योजनेचे यश या दुसऱ्या आकड्यात आहे.